चिनी 'छा' : मराठीत चहा, सुपारी की काढा?

रानजाई : 'होंगलौमंग' या अठराव्या शतकातल्या चिनी कादंबरीतला एक उतारा मराठीत आणतेय. पंचविसाव्या प्रकरणात वांग शीफंग लिन दाइयूला चिडवते, 'आमच्या घरचा चहा घेतलास, मग आमची सून का होत नाहीस?' अक्षर साधंच आहे, 'छा', म्हणजे चहा. पण तिकडे मागणी घालताना वराकडून मुलीच्या घरी चहा जायचा आणि तो ठेवून घेतला की लग्न ठरलं. मराठीत 'सुपारी फुटली' लिहू का?

दौतटाक : सुपारी अजिबात नको! दाइयू खरोखरच तो चहा प्यायलेली असते. सयामहून नजराणा आलेला चहा शीफंगनंच पाठवलेला असतो. सुपारी आणली की थट्टा गेली. आणि मागणीत चहाच का, तर चहाचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की जगत नाही, अशी समजूत होती. 'एका घरची लेक दोन घरचा चहा घेत नाही' अशी म्हणही आहे.

सांजवारा : आपले चहापोहे आहेत की. कोणालाही लगेच कळेल.

रानजाई : चहापोहे बघण्याच्या वेळचे. त्यानंतरही नकार येतो. इथे चहा घेतला की होकारच झाला.

काजूबोंड : आमची आजी 'च्या'च म्हणायची. माझ्या मते हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. १५५७ पासून ते मकावात होते आणि त्या भागात 'छा'च म्हणतात. डचांचा व्यापार फूच्येनच्या लोकांशी, तिथे याच अक्षराचा उच्चार 'ते'. इंग्रजांचा 'टी' त्यातलाच.

दौतटाक : मग 'चहा'तला 'ह' कुठून आला? फारसी 'चाय' विसरू नका. मराठीत फारसी शब्द थोडे का आहेत?

सांजवारा : मूळ कुठलंही असो, माझा आक्षेप वेगळा आहे. चिनी लोक शेवंतीच्या फुलांच्या पाण्याला 'छा' म्हणतात, भाजलेल्या सातूच्या पाण्यालाही म्हणतात. चहाची पत्ती नसेल तिथे मराठीत 'काढा' असा स्वच्छ शब्द आहे, तोच लिहावा.

काजूबोंड : मग गवती चहाचं काय करायचं? त्यात तरी पत्ती कुठे असते? सर्दी झाली की काढा, पाहुणे आले की चहा, असंच आम्ही बोलतो.

सांजवारा : बोलण्यात चालतं. छापताना नेमकेपणा हवा.

दौतटाक : अक्षराचं रूपही बघा. वर गवत, मध्ये माणूस, खाली झाड. आधी 'थू' म्हणजे कडू पाला या अर्थाचं अक्षरच चहासाठीही चालायचं. थांग काळात त्यातली एक रेघ गळली आणि चहाला स्वतःचं अक्षर मिळालं. आठव्या शतकातल्या लू यूच्या 'छाचिंग' या चहावरच्या ग्रंथाचा काळ हाच. ते जुनं 'थू' आपल्या 'मंडला'साठी चिनी बौद्धांनी वापरलं, मान-थू-लो! जपानात तर 'छा'च्या अक्षराचे तुकडे पाडून वरचे वीस आणि खालचे अठ्ठ्याऐंशी मोजतात, म्हणून १०८ वर्षांच्या वयाला 'चहाचं वय' म्हणतात.

काजूबोंड : १०८! म्हणजे जपमाळेचे मणी. याचा आपल्याशी संबंध असणारच.

दौतटाक : तो आकडा अक्षराच्या रेघांतून निघालाय. जपमाळेशी जोडायला पुरावा हवा.

रानजाई : माझं वाक्य अजून तसंच आहे. त्यात आणखी एक, मुळात क्रियापद 'खाणे' आहे, 'आमच्या घरचा चहा खाल्लास'.

सांजवारा : मराठीत चहा कोणी खात नाही. 'घेतलास' ठेवा.

दौतटाक : मी 'प्यालीस' लिहिलं असतं. 'घेतलास'मध्ये स्वीकारल्याचा अर्थ आधीच उघडा पडतो.

रानजाई : मला तर तोच हवाय.