नीरा डावा की उजवा? कालव्याच्या कडेने सायकल

पेडलवाली:
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत हौसेने ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी, घेतली. ४० मिमीचे टायर, डिस्क ब्रेक, दुकानदार म्हणाला, "ताई, शेतातून घाला." शेत राहिलं, आत्तापर्यंत ती फक्त दिवे घाट आणि कात्रजचं डांबर चाटतेय. घाटात मागून कंटेनरचा हॉर्न आला की पोटात गोळा येतो. वय ४४, आता गाड्यांशी स्पर्धा नको.

परवा उपग्रहाचा नकाशा बघत बसले होते. वीर धरणापासून नीरेच्या दोन्ही अंगांना हिरव्या पट्ट्याची कड धरून एकेक बारीक रेघ निघते. डावी बारामतीकडे, उजवी फलटणकडे. कालवेच ते, आणि कडेने कच्चा रस्ता दिसतोय. कोणी गेलंय का? दोन दिवस आहेत, रोज ६०-७० किमी जमतं. विचार असा की आधी कालवा आणि परतताना परिंचे-काळदरीचा डोंगर. सोबत मैत्रीण आहे, तिची साधी हायब्रिड, ३५ चे टायर, ट्यूबवाले. डावा बरा की उजवा?

हडपसरी:
पुण्यातल्या मुठा कालव्यावर जाऊन सराव करू असं मनात असेल तर नको. कचरा आणि अतिक्रमणं. बाकी नीरेचं मला माहीत नाही, वाचतोय.

पाटाकाठी:
ताई, माझं अर्धं आयुष्य डाव्या पाटाच्या भरावावर गेलं, म्हणून जरा लांब लिहितो. आमच्याकडे कालवा कोणी म्हणत नाही. म्हातारी माणसं पाट म्हणतात, बाकी सगळे कॅनॉल. माझे चुलते पाटकरी, म्हणजे पाटाच्या पाण्यावर नजर ठेवणारे, होते. चोवीस इंची अ‍ॅटलास, दांडीला कंदील, मागे कॅरिअरला दारं उचलायची पहार. रात्री बारा वाजता कोणाच्या चारीला, म्हणजे शेताकडच्या छोट्या पाटाला, चोरून पाणी लागलंय ते बघायला निघायचे. ग्रॅव्हल सायकल तुम्ही आत्ता घेतली, आमच्या घरात ती आधीपासून होती.

आधी रस्त्याचं समजून घ्या. पाट डोंगराच्या उतारावर समपातळी धरून चालतो. वरच्या अंगाला जमीन खोदलेली, खालच्या अंगाला तीच माती टाकून केलेला भराव. जीप चालते ती या भरावावरून. म्हणजे डाव्या पाटाला पाण्याच्या दिशेने तोंड केलंत की रस्ता तुमच्या उजव्या हाताला, नदीच्या बाजूला. पलीकडच्या काठावर चुकून शिरलात तर अर्ध्या तासात वेड्या बाभळीत अडकाल आणि पूल येईपर्यंत सुटका नाही.

चढ नाही हे खरं. पण उतारही नाही, हे कोणी सांगत नाही. किलोमीटरला काही इंचांचा उतार, तो पाण्याला कळतो, चाकाला कळत नाही. सकाळी सातला पाय फिरवायला लागलात की अकरापर्यंत फिरवतच राहायचं, सोडून बसायला एक क्षण मिळत नाही. माझ्या गुडघ्यांना घाट परवडला होता. शिवाय प्रत्येक ओढ्याला पाट आत वळसा घालतो. नीरा गाव ते बारामती रस्त्याने चाळीसच्या आतबाहेर आहे, पाटाने दीडपट धरा. मोठ्या ओढ्यावर पाट जलसेतूवरून पलीकडे जातो, तिथे तुमचा रस्ता तुटतो. खाली ओढ्यात उतरायचं, सायकल खांद्यावर, पलीकडून वर.

आता मुख्य गोष्ट. गाड्या नसलेला रस्ता हवा असेल तर कारखान्याचं धुराडं बघून यायचं. दिवाळीच्या मागेपुढे बॉयलर पेटला की मार्चपर्यंत हाच भराव उसाचा रस्ता होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, वर टेपवर गाणी, आणि तो वळत नाही, तुम्हीच पाटाच्या कडेला सरकायचं. कडेला म्हणजे अक्षरशः पाण्याच्या कडेला. भरावाच्या खाली ऊसतोड्यांच्या कोप्या असतात, पोरं आणि कुत्री रस्त्यावर. तिथे उतरून चालत जा, ते त्यांचं अंगण आहे.

एप्रिल-मेमध्ये ऊस नसतो, पण ऊन असतं. म्हणून माझा महिना ऑगस्ट. आमचा भाग पर्जन्यछायेत, भोरला कोसळत असतो तेव्हा बारामतीत शिंतोडे. आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, पाणीही पूर्वेला. वीरवरून निघालात की वारा पाठीवर. उलट कधीही जाऊ नका, मी एकदा गेलो, निंबूतच्या अलीकडे रडू यायचं बाकी होतं. आषाढी मात्र उलटू द्या. माउलींची पालखी नीरेला आली की त्या भागात सायकल काय, मुंगीला वाट नसते.

ऑगस्टातही पाऊस पडला की दोन-तीन उन्हं खाऊ द्यायची. वीरकडचा मुरूम लगेच वाळतो. खाली काळी माती आहे. ती टायरला चिकटत नाही, टायर तिला चिकटतो. चाक आणि फोर्क यांच्यामध्ये भरली की सायकल जागच्या जागी उभी, मग काडीने खरवडत बसा.

काटे. तुमच्या टायरमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारं द्रव, असेल तर निभेल. मैत्रिणीच्या ट्यूबांचं कठीण आहे. भरावावरची बाभूळ तोडतात आणि फांद्या तिथेच पडतात. मी एका दिवसात सात पंक्चर काढलीत, सातवं काढताना चुलत्यांची आठवण आली, ते कॅरिअरला जुन्या टायरचा तुकडा बांधून ठेवायचे. तीन ट्यूब, पंक्चरची पेटी आणि भुवया कोरायचा चिमटा घ्या. चिमटा नसेल तर काट्याचं टोक टायरमध्ये राहतं आणि पुढची ट्यूब पाच मिनिटांत जाते.

रस्ता जलसंपदा खात्याचा, देखभालीसाठी केलेला. सायकलवाल्याला मला कोणी अडवलं नाही, पण फाटक बंद असेल तर चौकीवर विचारा, उडी मारू नका. आणि कितीही उकडलं तरी पाटात उतरायचं नाही. अस्तर केलेल्या ठिकाणी काठ तिरका, त्यावर शेवाळ. पोहता येणारी माणसं गेलीत त्यात, वर यायला हाताला काही लागत नाही.

डावा की उजवा? पहिल्यांदा डावा. दर दोन-तीन मैलांवर गाव, चहा, पंक्चरवाला. उजवा पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राच्या पुढे मोकळा होतो, दक्षिणेला महादेवाचे डोंगर दिसतात, फार सुंदर, पण सावली नाही.

आणि क्रम उलटा करा. डोंगर पहिल्या दिवशी, ताज्या पायांनी. पुरंदरच्या दक्षिण अंगाने काळदरी, मग परिंचे, मग वीर. ऑगस्टअखेर गेलात तर त्या बाजूला सीताफळं सुरू झालेली असतील. वीरला म्हस्कोबाचं दर्शन घ्या, मुक्काम तिथेच कुठेतरी बघा. दुसऱ्या दिवशी पाट, आणि बारामतीहून दौंडमार्गे रेल्वे.

पोटोमॅककाठचा:
पाटाकाठी, मजा आली. मूळचा साताऱ्याचा, आता वॉशिंग्टनजवळ राहतो. इथे चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या कडेने जॉर्जटाउन ते कंबरलंड २९७ किमीचा कच्चा रस्ता आहे, एकही मोटार नाही. हा कालवा बोटींचा. १८२८ ला खोदायला घेतला, कंबरलंडला पोचेपर्यंत १८५० उजाडलं. काठावरून खेचरं दोर ओढत चालायची, आपण सायकल चालवतो ती त्या खेचरांची वाट. चढ आहे, पण ७४ पायऱ्यांत वाटलेला. बोट वर चढवायच्या दगडी हौदांपाशी रस्ता आठेक फूट चढतो की पुढे पुन्हा सपाट. पॉ पॉ गावाजवळ साडेनऊशे मीटरचा बोगदा आहे, त्यात दिवा लावून सायकल हाताने न्यायची. कंबरलंडला कालवा संपतो आणि जुन्या रेल्वेच्या मार्गावरून डोंगर ओलांडून २४० किमी पिट्सबर्गपर्यंत जाता येतं. मी दोन्ही मिळून आठ दिवसांत केलं.

पण तुमचं वाचून एक लक्षात आलं. इथे गाड्या नाहीत, कारण कालवाच मेला. १९२४ च्या पुरानंतर बोटी बंद. १९५४ मध्ये त्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस पत्रकारांना घेऊन सगळी वाट पायी चालले, म्हणून ती वाचली. बऱ्याच ठिकाणी पात्रात आता झाडं उगवलीत. कुणाचं पाणी नाही, कुणाचा ऊस नाही. शांतता आहे, पण चहा मागायला पन्नास किलोमीटर कोणी भेटत नाही.

पाटाकाठी:
दादा, दगडी हौदांचं वाचून चुलत्यांना सांगावंसं वाटलं. ते असते तर पहिला प्रश्न केला असता, "मग पाणीपट्टी कोण भरतं?"

पेडलवाली:
पाटाकाठी दादा, प्रिंट काढून ठेवलंय. डावा, ऑगस्ट, डोंगर आधी. मैत्रीण चिमट्यावर हसली, पण ट्यूबा घेतल्यात. एकच शंका: तेव्हा पाटाला पाणी असेल की कोरडा? कोरडा असेल तर जास्त सुरक्षित ना?

पाटाकाठी:
ते आवर्तनावर, म्हणजे पाणी सोडायच्या पाळीवर आहे ताई. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी भरत आली की वीरमधून सोडतात, पाऊस ओढला तरी मागणीला सोडतात. निघायच्या आदल्या दिवशी नीरेत कुठल्याही चहावाल्याला विचारा, "रोटेशन चालू आहे का?" तो तारखेसकट सांगेल.

आणि कोरड्यापेक्षा भरलेला बघून या. पाणी चालू असलं की पाटकरी फिरतीवर असतो, दर थोड्या अंतरावर कोणीतरी बारं धरून, म्हणजे शेताला पाणी देत बसलेलं असतं, पंक्चर काढायला चार हात मिळतात. कोरड्या पाटावर मी दुपारी दोन तास बसलोय ट्यूब हातात घेऊन, एक होला सोडला तर कोणी आलं नाही.