छोट्या रिव्हॉल्वरची ग्रिप, करंगळी ठेवायची कुठे? मदत हवी आहे

मंडळी, मी टेक्ससला असतो, दोन महिन्यांपूर्वी स्मिथ अँड वेसनचं 642 घेतलं, ते छोटं पाच गोळ्यांचं, पॉइंट थर्टी-एट स्पेशल, घोडा आत झाकलेला, नळी दोन इंचसुद्धा नाही, वजन जेमतेम 400 ग्रॅम. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू-टू रायफल मारलेली, बरा ग्रुप यायचा (गोळ्या जवळजवळ बसायच्या), म्हटलं जमेल. कसलं काय, 7 यार्डांवर पाच गोळ्या भाकरीएवढ्या पसरतात आणि सगळा पसारा डावीकडे खाली. (मी उजवा.)

मूळ ग्रिप खिशात मावावी म्हणून आखूड, दोन बोटं बसतात, करंगळी अधांतरी. बार उडाला की मूठ हातात फिरते, परत नव्याने पकडा. म्हणून रबराची लांब ग्रिप लावली, धक्का कमी झाला, अंगठ्याजवळचं बेचकं सोलवटायचं थांबलं, पण ती मागून जाड आणि माझे हात लहान (बायकोचे ग्लोव्ह्ज मला होतात, हसू नका), त्यामुळे चापापर्यंत बोटाचं नुसतं टोक पोचतं. चाप तर 12 पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेपाच किलो!! चुलतभाऊ बालेवाडीला 10 मीटर एअर पिस्तूल मारतो, त्याचा चाप अर्ध्या किलोचा, तो व्हिडिओ कॉलवर शिकवतो की दादा टोकाने हळू दाब. अरे बाबा इथे मनगटापासून थरथरतंय.

दुसरं, डावा अंगठा कुठे? सेमी-ऑटो पिस्तुलासारखा पुढे ठेवला तर रेंजवरचे काका ओरडलेच, सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम गॅस निघतो, बोट जाईल म्हणाले.

प्रतिसाद: काका बरोबर आहेत. डावा अंगठा उजव्यावर आडवा दाबा. 642 ला घोडा बाहेर नाही, तेव्हा बेचकं जाईल तेवढं वर चढवा, उडी कमी होते. टोक विसरा, इतक्या जड चापाला पहिल्या पेराचा सांधा लागतो. डावीकडे खाली जातंय कारण चाप ओढताना बाकीची बोटंही आवळताय, म्हणून आधीच घट्ट धरा आणि तेवढंच राहू द्या. करंगळी ग्रिपच्या बुडाखाली दुमडा. घरी गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, सिलिंडर दोनदा तपासून, स्नॅप कॅप (सरावाच्या नकली गोळ्या) घालून रिकामा चाप ओढा, पुढची साईट हलते का बघत. रेंजवर 148 ग्रेनच्या वॉडकटर (सपाट तोंडाच्या, निशाणेबाजीच्या गोळ्या) घ्या, धक्का कमी असतो.

धागाकर्ता: धन्यवाद! दहा दिवस रोज रात्री रिकामा चाप ओढला, बायको टकटक आवाजाला वैतागली. मूळ ग्रिप परत लावून करंगळी खाली दुमडली, काल पाचातल्या चार वाटीएवढ्या जागेत, पाचवी कुठे गेली देव जाणे. पण बेचकं परत सोललंय. तीन बोटं मावतील पण मागून उघडी असेल अशी ग्रिप कुणी वापरलीये का? खिशात अडकते का ती?