मदत हवी आहे : अतिवृष्टी अनुदान पब्लिक चेनवर, वाटपाचा व्यवहार फेल होतोय (सोलापूर)

होटगीकर
शुक्रवारी डेमो आहे. अतिवृष्टीचं अनुदान डिजिटल रुपयात, पब्लिक ब्लॉकचेनवर (कुणालाही वाचता येणारी, पुसता न येणारी सामाईक नोंदवही), थेट शेतकऱ्याच्या वॉलेटमध्ये. मधे कुणाला हात मारायला जागाच नको, हा मुद्दा. कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे चेनवर चालणारा वाटपाचा प्रोग्रॅम, तयार आहे. परवापर्यंत वाटप नीट होत होतं, आज सकाळपासून व्यवहार फेल. फी वाढवली, वॉलेट बदललं, नोड बदलला, फरक नाही. काय चुकतंय तेवढं सांगा. ब्लॉकचेन चांगली की वाईट, ही चर्चा नको.

साखळीवाला
कोणती चेन? टेस्टनेट (सरावाची) की मेननेट (खरी)? एरर शब्दशः काय आहे? एका व्यवहारात सगळ्यांना वाटताय की एकेकाला? यादीत ओळी किती?

होटगीकर
इथेरियमच. सेपोलिया टेस्टनेट. एररमध्ये गॅस लिमिटचं, म्हणजे चेनवरच्या कामाच्या मर्यादेचं, काहीतरी आहे. यादी तीच आहे, कोड तोच आहे, म्हणून तर विचारतोय.

टिकेकरवाडी
एक लक्षात घ्या, क्रिप्टोच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. रिटर्न भरताना वेगळं परिशिष्ट भरावं लागतं.

होटगीकर
मी काही विकत नाही ओ. टेस्टनेटचे टोकन आहेत.

साखळीवाला
'यादी तीच' म्हणजे किती ओळी, आकडा सांगा.

होटगीकर
परवा ३०० घेतल्या होत्या. आज पूर्ण, १,१४०. त्याने काय फरक पडतो? टोकन पुरेसे आहेत.

साखळीवाला
तिथंच आहे सगळं. ज्या पत्त्यावर आधी शिल्लक शून्य आहे, तिथं पहिल्यांदा रक्कम लिहिताना फक्त त्या एका नोंदीला २२,१०० गॅस जातो. लॉग (व्यवहाराची नोंद), डेटा आणि बाकीचा खर्च धरून माणशी साधारण २५ ते २७ हजार. ३०० जणांचे ७८ लाखांच्या आसपास झाले, चाललं. १,१४० जणांचे जवळपास ३ कोटी होतात. इथेरियमच्या २०२५ च्या फुसाका अपग्रेडनंतर एका व्यवहाराला १,६७,७७,२१६ गॅसची कमाल मर्यादा आहे. ब्लॉकमध्ये जागा शिल्लक असली तरी एवढा मोठा व्यवहार घेतलाच जात नाही, आणि फी वाढवून ही मर्यादा हलत नाही.

२५० च्या तुकड्या करा. चार पूर्ण आणि शेवटची १४० ची. मागची तुकडी ब्लॉकमध्ये गेल्याशिवाय पुढची सोडू नका. एकदम पाच सोडल्या आणि दुसरी कमी फीमुळे लटकली, तर नॉन्सच्या (व्यवहाराच्या अनुक्रमांकाच्या) क्रमामुळे तिसरी, चौथी, पाचवी तिच्यामागे अडकून बसतात.

होटगीकर
झालं! चार गेल्या. तिसरी मात्र पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे रद्द होते. गॅस तर पुरेसा आहे.

साखळीवाला
त्या तुकडीत कुणाचा तरी पत्ता रिकामा असणार. रिकामा रकाना शून्य पत्ता म्हणून जातो, आणि शून्य पत्त्यावर पाठवायला टोकनचं प्रमाणित कॉन्ट्रॅक्ट नकार देतं. एक ओळ नाकारली की सगळे २५० उलटतात. पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा: पत्ता रिकामा, पत्ता दुबार, रक्कम शून्य. रकमेतले दशांशही बघा. टोकनला १८ दशांश ठेवले असतील तर ८,५०० लिहिल्यावर ८,५०० रुपये होत नाहीत, त्याचा नगण्य अंश होतो.

होटगीकर
रिकामेच होते, दोन. धन्यवाद. आता फक्त सादरीकरण राहिलं.

अकलूजकर प्राजक्ता
थांबा. लाभार्थी कोण हे कॉन्ट्रॅक्टमध्ये कसं ओळखताय? नाव घातलंय का?

होटगीकर
नाव नाही ताई. आधारचा हॅश, म्हणजे क्रमांकावरून गणिताने काढलेला ठसा. हॅश उलटा करता येत नाही, त्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न नाही.

अकलूजकर प्राजक्ता
उलटा करायची गरजच नाही. आधार १२ अंकी, सुरुवात ० किंवा १ ने होत नाही, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून ठरतो. म्हणजे शक्य असलेले क्रमांक ८,००० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, पण चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला काहीशे कोटी हॅश काढतं. काही मिनिटांत पूर्ण यादी उघडी पडते. आणि पब्लिक चेनवर एकदा गेलं की तुम्हालाही पुसता येणार नाही. आधार कायद्याच्या २९व्या कलमानुसार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई आहे, आणि हे जवळजवळ तेच झालं.

खरे आधार वापरले असतील तर तो डेमो कुणाला दाखवू नका, नवीन कॉन्ट्रॅक्ट बनवा. प्रत्येक ओळीला ३२ बाइटचा वेगळा यादृच्छिक सॉल्ट (हॅश करण्याआधी मिसळायचा आकडा) द्या, तो चेनबाहेर ठेवा आणि ज्याची ओळ त्यालाच पावतीवर द्या. सगळ्या ओळींना एकच सॉल्ट ठेवलात तर तो फुटला की सगळेच फुटले.

होटगीकर
आकडे बनावट आहेत, नशीब. पण तुम्ही म्हणता तसं बदललं तर वॉलेट कुणाचं हे कसं कळणार?

पंचनामा
त्याच्या आधीचा प्रश्न: हा 'डिजिटल रुपया' कोण काढतंय?

होटगीकर
कॉन्ट्रॅक्ट. एक टोकन म्हणजे एक रुपया.

पंचनामा
मग तो रुपया नाही, आणि समितीतल्या लेखाधिकाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असेल. चलनी नोटा काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँक कायद्याच्या २२व्या कलमाने फक्त रिझर्व्ह बँकेला आहे. २०२२ च्या वित्त कायद्याने नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूप आलं. खरा ई-रुपया, म्हणजे किरकोळ वापराचा, १ डिसेंबर २०२२ ला मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वरमध्ये चाचणी म्हणून सुरू झाला, बँकांमार्फत. तो कुणालाही वाचता येईल अशा चेनवर नाही. जिल्ह्याच्या पातळीवर कुणी टोकन काढून त्याला रुपया म्हणू शकत नाही.

दुसरं, 'हात मारायला जागा नको' म्हणताय, पण हात कुठे मारला जातो? पैसे आजही थेट खात्यातच जातात. तलाठी यादी भरतो, ती तहसीलमधून मंजूर होते, शेतकऱ्याला विशिष्ट क्रमांक मिळतो, सेवा केंद्रात ई-केवायसी होते आणि रक्कम आधार जोडलेल्या खात्यात. गोम त्याच्या आधी आहे. आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषात नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लागतं. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. जिरायतच्या जागी बागायत लिहिलं की एका शब्दात रक्कम दुप्पट. ३० टक्क्यांचे ३५ केले की शून्याचे हजारो. सामाईक सातबारा असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र जोडून एकाच्याच नावावर घ्यायचं. यातलं तुमचं टोकन काय पकडतं?

होटगीकर
काहीच नाही, मान्य. पण मग प्रकल्पाला अर्थच काय राहिला?

पंचनामा
राहतो की! पैसा चेनवर नेऊ नका, यादी न्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीनाकाठी करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत जे झालं, तशा वेळी पंचनामे घाईत होतात आणि याद्या अनेकदा दुरुस्त होतात. दुरुस्ती गैर नाही. कोणती ओळ कधी बदलली हे मागाहून कुणाला दाखवता येत नाही, ते गैर आहे. चावडीवर यादी लागते त्याच दिवशी तिचा मर्कल रूट (ओळींचे हॅश जोडी-जोडीने झाडासारखे जोडत गेल्यावर उरणारा शेवटचा एक हॅश) पब्लिक चेनवर टाका. दुरुस्ती झाली की नवा रूट, जुना तसाच. पैसे सोडण्याच्या आदेशाचा तिसरा. मग लागलेल्या याद्या रूटशी ताडल्या की ०.८० हेक्टरचे १.८० कधी झाले ते तारखेसह दिसतं, आणि ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण तलाठ्याने पहिल्याच दिवशी १.८० लिहिलं तर चेन ते खोटंही तितक्याच इमानाने जपून ठेवेल. म्हणून ओळीत गट क्रमांक, पीक, जिरायत की बागायत, टक्केवारी आणि जागेवरच्या फोटोचा हॅश ठेवा, आणि पीक ई-पीक पाहणीतल्या नोंदीशी ताडून बघा. ग्रामसभेत वाचन होईल तेव्हा शेजारचा शेतकरीच सांगतो, त्या गटात ऊस नव्हता म्हणून.

भीमाकाठ
एवढ्यासाठी पब्लिक चेन कशाला? हायपरलेजर फॅब्रिक घ्या, ठरावीक सदस्यांपुरती खासगी चेन. एक नोड जिल्हाधिकारी कार्यालयात, एक कोषागारात, एक बँकेत. फी नाही, सेकंदाला शेकडो व्यवहार, नको त्याला दिसत नाही. नायजेरियाने २०२१ मध्ये ई-नायरा हे सरकारी डिजिटल चलन त्याच्यावरच काढलं.

साखळीवाला
तिन्ही नोड ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याच ताब्यात. तिघांनी ठरवलं तर कालची नोंद आज वेगळी, बाहेरच्याला पत्ताही लागणार नाही. आणि पूर्व कॅरिबियन बेटांचं डीकॅश हे डिजिटल चलन याच फॅब्रिकवर होतं. जानेवारी २०२२ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जवळपास दोन महिने चलन बंद.

भीमाकाठ
मुदत संपू देणं ही निष्काळजी, तंत्राचा दोष नव्हे. पब्लिकचंही सांगा. व्हेनेझुएलाने २०१८ मध्ये पेट्रो हे तेलावर आधारलेलं सरकारी क्रिप्टो काढलं, सगळं पारदर्शक म्हणून. २०२३ मध्ये त्यावर देखरेख करणाऱ्या खात्याचा प्रमुखच भ्रष्टाचाराच्या चौकशीत अटकेत गेला, आणि २०२४ च्या जानेवारीत पेट्रो गुंडाळलं.

साखळीवाला
तेल कुणाला विकलं आणि त्याचे पैसे कुठे गेले, हे त्या चेनवर नव्हतंच. पंचनामा म्हणतायत तेच.

नवीपेठ
मला एक सांगा, ई-रुपया मिळाला तरी इथं दुकानात कोण घेणार? बी-बियाण्याच्या दुकानात सगळीकडे यूपीआयच.

अकलूजकर प्राजक्ता
ई-रुपयाच्या ॲपमधून यूपीआयचाच क्यूआर स्कॅन होतो. दुकानदाराकडे ई-रुपयाचं वॉलेट नसेल तर रक्कम त्याच्या बँक खात्यात पडते. त्यामुळे 'शेवटपर्यंत माग काढता येतो' असं डेमोत म्हणू नका, माग तिथं खात्यात शिरतो. ठरावीक कामासाठीच खर्च होईल असा रुपया आणि नेटशिवाय चालणारा रुपया, दोन्हींची घोषणा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ च्या पतधोरणात केली. पण अनुदान बियाण्यालाच वापरा असं बंधन घालायचं का, हा वेगळा वाद आहे. पुरात घर गेलेल्याला आधी पत्रे घ्यायचे असतात.

साखळीवाला
पैशासाठी साखळी लागतेच असं नाही, हे मलाही मान्य आहे. बोस्टनची फेडरल रिझर्व्ह बँक आणि एमआयटी यांच्या हॅमिल्टन प्रयोगात (२०२२) सगळे व्यवहार एका क्रमात लावणारी रचना सेकंदाला सुमारे १.७ लाखांवर अडकली, क्रम न लावणारी १७ लाखांवर गेली. बिटकॉइन सेकंदाला सातच्या आसपास. पण रूट दिवसातून एकदाच टाकायचा, त्याला वेग कशाला?

होटगीकर
ठीक आहे, रूटचं करतो. शुक्रवारपर्यंत होईल का? आणि सेपोलियावरच ठेवू ना?

साखळीवाला
डेमोला चालेल, पुराव्याला नाही. गोएर्ली टेस्टनेट होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं, त्यावरच्या नोंदीही गेल्या. खरा रूट मेननेटवर टाका. कॉन्ट्रॅक्टमध्ये साठवू नका, नुसता लॉग सोडा. पायाभूत २१,००० आणि वर थोडा, एवढाच गॅस लागतो. अंतिम व्हायला १३ मिनिटं धरा. फीच नको असेल तर ओपनटाइमस्टॅम्प्स ही सेवा बिटकॉइनवर वेळेची नोंद फुकट करून देते, पण पक्की पावती मिळायला काही तास जातात, समितीसमोर लगेच दाखवता येणार नाही. १,१४० ओळींचं मर्कल झाड ११ पातळ्यांचं होतं, म्हणजे शेतकऱ्याच्या पावतीवर ११ हॅश, ३५२ बाइट. ते नेहमीच्या क्यूआरमध्ये मावतात.

भीमाकाठ
आणि रूट टाकणारी किल्ली कुणाकडे? ईग्रामस्वराज या ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या पोर्टलला ग्रामसेवक आणि सरपंच दोघांच्या डीएससी (डिजिटल सह्या) लागतात, तरी दोन्ही डोंगल आणि पिन एकाच ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सापडतात.

पंचनामा
हा मुद्दा अगदी बरोबर. तीनपैकी दोन सह्या ठेवा, त्यातली एक महसूल खात्याबाहेरची. आणि चेनवरचा रूट सभेच्या इतिवृत्तातही हाताने लिहून घ्या, पहिले आठ आणि शेवटचे आठ अंक.

होटगीकर
केलं. पायथनमध्ये झाड बनवलं, रूट चेनवर गेला. पण कॉन्ट्रॅक्ट एकही पावती मान्य करत नाही. सगळ्या खोट्या दाखवतोय.

साखळीवाला
पायथनमध्ये शा३-२५६ वापरलं असणार. इथेरियमचं केचॅक-२५६ वेगळं आहे, नाव जवळचं असलं तरी प्रमाण ठरण्याआधीचं भरण (पॅडिंग) वापरतं, उत्तर जुळत नाही. केचॅकची वेगळी लायब्ररी घ्या. आणि रकाने नुसते चिकटवून हॅश करू नका, '१२' आणि '३' चिकटवलं काय, '१' आणि '२३' चिकटवलं काय, सारखंच होतं. प्रत्येक रकान्याची लांबी ठरवून घ्या.

होटगीकर
केचॅकच होतं! १,०७१ जुळल्या. ६९ अजून नाहीत. डोळ्यांनी बघितलं तर अक्षर न् अक्षर सारखं दिसतंय.

अकलूजकर प्राजक्ता
त्या ६९ मध्ये 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेली नावं किंवा गावं किती? हा र दोन प्रकारे टाइप होतो: ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला एक, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी (अक्षरांना एकच प्रमाणित रूप देणं) केल्यावरही दोन्ही एक होत नाहीत. हॅश करण्याआधी स्वतः नियम लावून एक रूप करा. नावाच्या शेवटचा रिकामा स्पेसही काढा.

होटगीकर
५२ जुळल्या. १७ राहिल्या. त्यांच्यात र नाही.

पंचनामा
त्यांचे खाते क्रमांक १६ अंकी आहेत का बघा. एक्सेल आकड्याचे १५ च अंक राखतं, सोळाव्याच्या जागी शून्य घालतं. तो रकाना टेक्स्ट करून आता उपयोग नाही, गेलेला अंक परत येत नाही. मूळ फाइल परत मागवून घ्या आणि ती एक्सेलमध्ये न उघडता थेट पायथनने वाचा. त्याच फाइलवरून उद्या पैसे सुटले तर ते १७ जण राहतील किंवा दुसऱ्याच्या खात्यात जातील, तेव्हा ज्याने दिली त्यालाही आजच कळवा.