स्किझोफ्रेनियात नजर आणि मेंदूचे प्रतिसाद कशासाठी मोजतात?

प्रश्न: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एका संशोधनात त्याला सरकत्या ठिपक्यावर नजर ठेवायला सांगितले आणि डोक्याला इलेक्ट्रोड लावून टक् टक् आवाज ऐकवले. यातून काय कळते?

उत्तर १: अनेक रुग्णांची नजर ठिपक्याबरोबर सलग सरकण्याऐवजी मागे पडते आणि उडी मारून त्याला गाठते, असे डिफेनडॉर्फ आणि डॉज या संशोधकांनी 1908 मध्येच नोंदवले होते, पुढे 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ होल्झमन यांना रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांतही तेच दिसले, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासात ही चाचणी महत्त्वाची ठरली.

उत्तर २: अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन आवाज ऐकवल्यास आवाजानंतर 50 मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूत उमटणारा विद्युत प्रतिसाद दुसऱ्या आवाजाला एरवी क्षीण होतो, अनेक रुग्णांत तो तितका घटत नाही. (निकोटिनने तात्पुरता फरक पडतो, म्हणून धूम्रपानाची चौकशी होते.)

प्रश्नकर्ता: मग निदान यावरूनच करतात का?

उत्तर १: नाही, गटांतला फरक एका व्यक्तीला लागू करता येत नाही.