'व्हॅल्यू'ला मराठीत काय म्हणायचं? किंमत, भाव, मोल की पत (ब्लॉकचेनवरच्या समुदायांच्या संदर्भात)

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी ब्लॉकचेनवर (म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली नोंदवही) चालणाऱ्या समुदायांवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच पानावर अडकलोय. माझ्या टिपणांत 'व्हॅल्यू' हा एकच शब्द जागोजागी आलाय आणि मराठीत लिहायला गेलं की दर वेळी वेगळा शब्द सुचतो, कुठे किंमत, कुठे भाव, कुठे मोल, एके ठिकाणी तर 'पत'च नीट बसते. आधी वाटलं मीच धरसोड करतोय, पण आता वाटतंय की आपल्याकडे हे शब्द वेगळे आहेत तेच बरं आहे, या विषयातला अर्धा गोंधळ त्या एका शब्दाने केलाय.

उदाहरण स्टीमिटचं घेतलंय. २०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी सुरू केलेली साइट, खाली स्टीम नावाची ब्लॉकचेन. तुम्ही काहीतरी लिहायचं, लोकांनी मत द्यायचं, सात दिवसांनी त्या मतांच्या हिशोबाने स्टीमची डिजिटल नाणी तुमच्या खात्यात. मत सगळ्यांचं सारखं नाही, ज्याने जास्त नाणी अडकवून ठेवलीत त्याच्या मताला वजन जास्त, आणि ती सोडवायची म्हटली तर तेव्हा १३ आठवडे लागायचे, आठवड्याला एक हप्ता. आता "या समुदायाची व्हॅल्यू किती" हे वाक्य मराठीत कसं लिहाल?

प्रतिसाद : 'बाजारमूल्य' रूढ आहे की, मार्केट कॅपला पेपरात तेच छापतात. उगाच नवीन कशाला?

धागाकर्ता : रूढ आहे हे खरं, पण मला तेच खुपतंय. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले एकूण नाणी, बास. शंभर नाणी आहेत आणि त्यातलं एक कुणी दहा रुपयाला घेतलं की झाले हजार रुपये, बाकीची नव्व्याण्णव विकायला काढली तर दहाला कोण घेईल हा प्रश्नच त्यात नाही. हा गुणाकार आहे, त्याला 'मूल्य' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी बसून पारख केलीय. जानेवारी २०१८ मध्ये स्टीमचा भाव ८ डॉलरच्या वर गेला होता, मार्च २०२० च्या मध्याला पाव डॉलरच्याही खाली. म्हणजे तिसाव्या हिश्श्याहून कमी. मग तिथल्या एखाद्या चांगल्या लेखाचं किंवा लोकांच्या ओळखींचं मोलही तिसाव्या हिश्श्यावर आलं का? म्हणून नाण्याला 'भाव'च लिहावा असं मला वाटतं, भाव रोज उघडतो, चढतो, पडतो, आपल्याला सवय आहे त्याची, बाजार समितीत कांद्याचा भाव पडला म्हणून कांदा वाईट झाला असं कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद : भाव पटला. पण 'मोल' म्हणजे पैशापलीकडचं काहीतरी असं तुम्ही गृहीत धरताय तिथे जरा थांबा. मोल हा संस्कृत 'मूल्य'चाच घासून झालेला शब्द, आणि मूळ अर्थ सरळ किंमत. मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल, मातीमोल, सगळीकडे पैसाच आहे. 'किंमत' अरबी, फारसीतून आपल्याकडे आली आणि व्यवहाराची जागा तिने घेतली, तसं मराठीत मूल्य वर सरकलं, अनेकवचन केलं की मूल्ये म्हणजे थेट नीती, शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो. हिंदीत मात्र ते अजून बाजारातच आहे, त्यांचं 'न्यूनतम समर्थन मूल्य' आपल्याकडे 'किमान आधारभूत किंमत' होतं आणि शेतकरी तर हमीभावच म्हणतो. त्यामुळे तुमचं वाक्य हिंदीतून आलं असेल तर 'मूल्य' डोळे मिटून उचलू नका.

धागाकर्ता : हे फार उपयोगी सांगितलंत, मोलबद्दल माझी समजूत खरंच भाबडी होती. आणि मोल म्हणजे मजुरी असेल तर ते माझ्या लेखात आणखीच बसतंय, कारण स्टीमवर मतं भाड्याने मिळायची. काही खाती अशी होती की त्यांना नाणी पाठवा, ती तुमच्या लेखाला वजनदार मत देणार, बिड बॉट म्हणायचे त्यांना. मोलाने रडायला आणलेल्या माणसांचे अश्रू मोजून दुःख किती ते कळेल का? तसंच या मतांचं. लेखाखाली मोठा आकडा दिसायचा आणि वाचलेला एकही माणूस नसायचा. खाती मोजूनही भागत नाही, एका माणसाची दहा खाती असू शकतात.

प्रतिसाद : मी पतसंस्थेत काम करते म्हणून सांगते, तुम्ही वर पत म्हणालात ना तोच शब्द धरा. ठेवी किती, कर्ज किती, थकबाकी किती हे सगळं ताळेबंदात असतं पण पत त्यात लिहिलेली नसते, ज्या दिवशी अफवा उठते आणि दारात रांग लागते त्या दिवशी ती दिसते, असली तर.

धागाकर्ता : ताई, अगदी हेच घडलंय तिथे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवाल्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे अगदी सुरुवातीला तयार करून घेतलेल्या नाण्यांचा मोठा साठा होता, तो मतदानाला वापरायचा नाही अशी जुनी समजूत होती. नव्या मालकाच्या हाती ते वजन जाईल या भीतीने चेन चालवणाऱ्या 'विटनेस' मंडळींनी तो साठा गोठवला. मग २ मार्चला बिनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजांकडे, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारांकडे, लोकांनी ठेवलेली नाणी सनच्या बाजूने मतदानात उतरली आणि पहिले वीसच्या वीस विटनेस बदलले गेले. ठेव दुसऱ्याची, मत तिसऱ्याचं! बिनान्स आणि हुओबीने मतं नंतर मागे घेतली, पण लोकांचा विश्वास उडायचा तो उडाला. २० मार्चला एका मोठ्या गटाने सगळी वही जशीच्या तशी उतरवून हाइव्ह नावाची वेगळी चेन सुरू केली, ज्याच्या खात्यात जेवढी नाणी होती तेवढीच इकडेही दिली, फक्त कंपनीचा तो साठा वगळला आणि ज्यांनी सनच्या बाजूने मतं दिली होती अशी काही खातीही.

माझ्या मते मोजमापाच्या दृष्टीने याच्याइतकं बोलकं उदाहरण नाही. जुने लेख दोन्हीकडे तेच, बहुतेकांच्या शिलका त्याच, प्रोग्रॅमही सुरुवातीला जवळपास तोच. नकलून घेता येईल ते सगळं फुकटात नकललं गेलं, उरलं ते म्हणजे उद्या सकाळी कोण कुठे लिहायला जातो आणि चेन कोण सांभाळतो. पुढे मे महिन्यात जुन्या स्टीम चेनवर ६४ खात्यांतली मिळून सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी काढून घेतली गेली. भाव त्या दिवशी काय होता ते कुठेही सापडेल, पण पत किती गेली ते ज्याचं खातं होतं त्याला विचारा.

प्रतिसाद : वही उतरवून वेगळं होण्याला 'फोर्क' म्हणतात ना, त्याला 'फाटा' लिहा, रस्त्याला फाटा फुटतो तसं. मागचा रस्ता एकच, पुढे दोन गावं.

धागाकर्ता : घेतला. आणि लेखाच्या नावात मूल्यांकनऐवजी मूल्यमापन ठेवतोय, मूल्यांकन म्हटलं की शेवटी एक आकडा द्यावा लागतो आणि तो मला द्यायचाच नाहीये. भाव पडलेल्या महिन्यात किती जण परत आले, एकमेकांना उत्तरं कितींनी दिली, मोठ्या भागधारकाने मत काढून घेतलं तर काय उरतं, अशा चार गोष्टी शेजारी मांडेन. आता शेवटचा अडलेला शब्द, 'विटनेस'. साक्षीदार लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद : साक्षीदार नुसता बघतो. तुमच्या वर्णनात ही माणसं मतांनी निवडून येतात, पाळीपाळीने वहीत नोंद करतात आणि वेळ आली तर एखाद्याचं खातं गोठवतात. 'पंच' लिहा. पंचनाम्यावर सही करणाराही पंच आणि गावात निवाडा करणाराही पंच, दोन्ही कामं त्या एका शब्दात आली.

धागाकर्ता : पंच! पहिल्यांदा येईल तिथे 'विटनेस म्हणजे पंच' असं लिहितो आणि पुढे सगळीकडे नुसतं पंच.