१९७१ चा सुपर बोल कोणत्या क्वार्टरबॅकने जिंकला म्हणायचे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्या वाचक मंडळात दर महिन्याला प्रश्नमंजूषा होते आणि या वेळी प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे होते. सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना) पाहणारी काही मुले अलीकडे मंडळात येऊ लागली आहेत, म्हणून एक फेरी अमेरिकन फुटबॉलवर ठेवली. त्यात एक प्रश्न असा होता : जानेवारी १९७१ मधला पाचवा सुपर बोल बाल्टिमोर कोल्ट्सना कोणत्या क्वार्टरबॅकने (पास टाकून संघाचे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) जिंकून दिला? माझ्या कागदावर उत्तर होते जॉनी युनायटस, कारण मी ज्या यादीवरून प्रश्न काढला तिच्यात प्रत्येक सामन्यासमोर दोन्ही संघांच्या सुरुवातीच्या क्वार्टरबॅकची नावे दिलेली असतात. एका मुलीने अर्ल मोराल असे उत्तर दिले, ते मी चूक ठरवले आणि तिचा संघ एका गुणाने मागे राहिला. कार्यक्रम संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, युनायटस सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या क्वार्टरमध्येच जखमी होऊन बाहेर गेला होता. पुढचा सामना मोराल खेळला."

घरी येऊन पडताळले, तर तिचे म्हणणे बरोबर निघाले. मग युनायटसच्या नावावर हा विजय का मांडला जातो, आणि मी दिलेला निकाल बदलावा काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा)

निकाल अवश्य बदलावा. चूक यादीची नाही, तुमच्या प्रश्नातल्या 'जिंकून दिला' या शब्दांची आहे. संघाच्या पहिल्या आक्रमक चालीला जो क्वार्टरबॅक मैदानात उतरतो तो सुरुवातीचा क्वार्टरबॅक, आणि त्या सामन्याची हारजीत त्याच्या खात्यावर पडते. पुढे तो दहा मिनिटे खेळला की पूर्ण सामना, याचा त्या हिशेबाशी संबंध नसतो. क्रिकेटमध्ये नाणेफेकीला गेलेला कर्णधार दुखापतीमुळे तंबूत परतला तरी सामना त्याच्याच नावावर राहतो, तसेच हे समजा. (बेसबॉलवाले याबाबतीत अधिक काटेकोर आहेत. तिथे सुरुवातीच्या पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) विजय स्वतःच्या नावावर हवा असेल, तर त्याला निदान पाच डाव टाकावे लागतात.)

आता आकडे पाहा. युनायटसने त्या दिवशी ९ पास टाकले, त्यांतले ३ पूर्ण झाले (म्हणजे सहकाऱ्याने झेलले) आणि २ प्रतिस्पर्धी डॅलस काउबॉइजच्या हाती गेले. बाल्टिमोरच्या जॉन मॅकीने ७५ यार्डांचा टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेणे) केला तो पासही वाटेत इतरांच्या हातांना लागून त्याच्यापर्यंत पोहोचला होता. मोरालने १५ पैकी ७ पास पूर्ण करून १४७ यार्ड मिळवले. त्यालाही विजयाचा शिल्पकार म्हणता येईल असे नाही, कारण दोन्ही संघांनी मिळून ११ वेळा चेंडू गमावलेला तो सामना होता आणि अखेरची काही सेकंदे उरली असताना बाल्टिमोरच्या जिम ओब्रायन या नवख्या खेळाडूच्या फील्ड गोलने (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारून) तो १६-१३ असा सुटला. सर्वोत्तम खेळाडूचा मान हरलेल्या डॅलसच्या चक हाउलीला मिळाला, आणि पराभूत संघातल्या खेळाडूला तो मान मिळाल्याचे सुपर बोलच्या इतिहासातले हे एकच उदाहरण आहे.

मोरालची खरी गंमत दोन वर्षे आधीची आहे. १९६८ च्या हंगामात युनायटसच्या हाताला दुखापत असल्याने बाल्टिमोरची धुरा मोरालने वाहिली आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु जानेवारी १९६९ मधल्या तिसऱ्या सुपर बोलमध्ये त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, उत्तरार्धात त्याच्या जागी युनायटसला आणावे लागले आणि क्वार्टरबॅक जो नेमथ याच्या न्यूयॉर्क जेट्सनी १६-७ असा विजय मिळवला. म्हणजे मोरालने सुरू केलेला सामना युनायटसने संपवला तेव्हा पराभव मोरालच्या नावावर लागला, आणि युनायटसने सुरू केलेला मोरालने संपवला तेव्हा विजय युनायटसच्या नावावर गेला. पुढे १९७२ मध्ये मायामी डॉल्फिन्सचा बॉब ग्रीसी जखमी झाल्यावर मोरालनेच तो अपराजित हंगाम सावरला, आणि सुपर बोलच्या वेळी ग्रीसी परत आला. तुमच्या यादीत मोरालचे नाव एकदाच आहे, तेही पराभवासमोर.

घाटमाथा (कऱ्हाड)

आमच्याकडे कुस्तीच्या फडात उतरलेला मल्ल मध्येच बदलत नाही, म्हणून असला पेच आपल्याला नवा वाटतो. तरीही अजिंक्यतारा यांच्या लिहिण्यावरून कोणी ही यादी निरुपयोगी समजू नये. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने दहा सुपर बोलची सुरुवात केली आणि सात जिंकले, हा आकडा पोकळ नाही. २०१७ मध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ असे पिछाडीवर असताना त्याने संघाला जादा वेळेत ३४-२८ असा विजय मिळवून दिला, त्या सामन्यात त्याने ६२ पास टाकले होते. जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनचा डग विल्यम्स हा सुपर बोलची सुरुवात करणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पहिल्या क्वार्टरमध्ये गुडघा दुखावून तो दोनेक चालींपुरता बाहेर गेला, ०-१० अशा पिछाडीवर परतला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने चार टचडाउन पास टाकले. त्या ४२-१० च्या विजयासमोर विल्यम्सचेच नाव हवे, याबद्दल दुमत होईल असे वाटत नाही.

मिरजकर

ब्रेडीच्या ६२ पासांशेजारी ग्रीसीचे ७ ठेवून पाहावेत. जानेवारी १९७४ मध्ये डॉल्फिन्सनी मिनेसोटाला २४-७ असे हरवले, तेव्हा ग्रीसीने संपूर्ण सामन्यात सातच पास टाकले. सामना जिंकला तो १४५ यार्ड धावलेल्या लॅरी झाँकाने, आणि सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. दोन्ही विजय खात्यात मात्र एकेकच धरले जातात. यादी पाहताना आणखी एक ध्यानात ठेवावे : २०१७ च्या हंगामात फिलाडेल्फियासाठी तेरा सामन्यांची सुरुवात कार्सन वेंट्झने केली होती, पण फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलसमोर नाव आहे ते त्याच्या दुखापतीनंतर आलेल्या निक फोल्सचे. तिथे ते योग्यच आहे, कारण तो सामना फोल्सने सुरू केला आणि संपवलाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. त्या मुलीच्या संघाला गुण दिला आहे, त्यामुळे दोन्ही संघांची बरोबरी झाली. निर्णायक प्रश्न पुढच्या बैठकीत तोंडी विचारणार आहे : तिसऱ्या आणि पाचव्या सुपर बोलमध्ये बाल्टिमोरच्या पहिल्या चालीला क्वार्टरबॅक कोण होता आणि अखेरच्या चालींना कोण? चारही नावे बरोबर आली तरच गुण. दोन्ही संघांपैकी कोणी हा धागा वाचत असेल तर त्याला माझी हरकत नाही.