मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी मसालेभात कसा करावा?

प्रश्न (दादर)
माझे सासरे ७२ वर्षांचे असून त्यांना गेली अकरा वर्षे मधुमेह आहे. आमच्याकडे सणावारी मसालेभात होतोच, आणि त्या दिवशी ते पोळीभाजीवर जेवण उरकून उठतात, हे मला पाहवत नाही. मागच्या महिन्यात मी मुद्दाम हातसडीचा तांदूळ आणून नेहमीच्या प्रमाणात भात केला, तरीही जेवणानंतर ग्लुकोमीटरवर २३८ हा आकडा आला. माझा तांदूळ चुकला की कृती? भात मसालेभातासारखाच लागावा, त्याची खिचडी होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद (मुलुंड)
आपले प्रमाण चुकले असावे, असे मला वाटते. हातसडीच्या तांदळात कोंडा राहत असल्याने तंतू अधिक मिळतात हे खरे, परंतु १०० ग्रॅम कोरड्या तांदळात पाऊणशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच. मी आईसाठी करते तेव्हा चौघांना मिळून एक लहान वाटी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, जुना बासमती घेते. त्यात मोड आणून सोललेले कडवे वाल एक वाटी आणि तोंडली, वांगी, फरसबी मिळून दोन वाट्या घालते. बटाटा अजिबात घालत नाही. अशाने प्रत्येकाच्या ताटात तांदळाची तेवीस-चोवीस ग्रॅम कर्बोदके येतात आणि ताट मात्र भरलेले दिसते.

तांदूळ अर्धा तास भिजवून निथळावा. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र यांची फोडणी करून आधी वाल व तोंडली झाकणावर पाणी ठेवून अर्धवट शिजवावीत, मग वांगी, फरसबी, गोडा मसाला आणि तांदूळ घालून तांदळाचा दाणा अलगद परतावा व वर आधणाचे पाणी ओतावे. कुकरपेक्षा पातेले बरे, कारण भात जितका मऊ व चिकट शिजतो तितकी त्यातली साखर रक्तात लवकर उतरते; दाणा मोकळा राहिला पाहिजे. गूळ वगळावा. त्याची उणीव ओले खोबरे, कोथिंबीर आणि वरून पिळलेले लिंबू भरून काढतात. साजूक तूप एक लहान चमचा पुरे.

प्रतिसाद (लालबाग)
आमच्या मालवणी घरात उकडा तांदूळ वापरतात. कांडण्याआधी साळ भिजवून, उकडून वाळवल्यामुळे त्यातील पिष्टाची घडण बदलते आणि हा भात बहुधा साध्या पांढऱ्या भाताइतक्या वेगाने साखर वाढवत नाही. दाणा जाड असतो, पाणी व वेळ दोन्ही जास्त लागतात आणि बासमतीचा सुवास मिळत नाही, पण गोड्या मसाल्यात तो छान मुरतो.

प्रतिसाद (बोरिवली)
एक गोष्ट आवर्जून सांगते. सासरे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर कर्बोदके एकदम कमी केल्याने साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून हा बदल त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करावा. मोजणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करावी. अनेक रुग्णांसाठी ती १८० च्या खाली असावी असे मानतात, मात्र ७२ व्या वर्षी त्यांचे लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवावे. भाताआधी काकडीची कोशिंबीर खायला द्यावी. त्या दिवशी भाताबरोबर पोळ्याही होत्या का?

प्रश्नकर्ती (दादर)
होय, दोन पोळ्या होत्या, आणि भातात बटाटाही होता. भात हातसडीचा आहे म्हणून मी निर्धास्त राहिले होते. ते ग्लिमेपिराइड घेतात, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोलेन. त्यांनी होकार दिला तर रविवारी मुलुंडच्या ताईंच्या प्रमाणाने, पोळीशिवाय, कोशिंबिरीसह भात करीन आणि दोन तासांनंतरचा आकडा येथेच लिहीन. वाल आजच भिजत घातले आहेत.